तळ्यातली मडकी

खारवडीच्या शाळेत माझी बदली झाली तेव्हा मला शाळेपेक्षा तळ्याचा आनंद जास्त झाला होता, हे आता कबूल करायला हरकत नाही. माझं गाव श्रीवर्धन. तिथे समुद्र आहे, सुपारीच्या बागा आहेत, पण बदकं उतरतील असं रुंद, उथळ, गोडं पाणी नाही. खारवडीला ते होतं. अलिबागच्या खारेपाटात, खाडीच्या बांधाच्या अलीकडे, भातशेतीला लागून पसरलेलं. दिवाळी आटोपली, भाताची झोडणी झाली, की एका सकाळी तळ्यावर पाखरं उतरलेली असायची, आणि शिमग्याच्या सुमारास एका सकाळी ती नसायची. मधले चार महिने मी मुलांना शिकवायचो ते खिडकीकडे तोंड करून.

माझ्याकडे चोरबाजारातून घेतलेली एक जुनी दुर्बीण होती, एक इंग्रजी पुस्तक होतं आणि एक वही. गावाने मला पहिल्याच महिन्यात जोखलं. लग्न करायचं सोडून मास्तर बदकं मोजत बसतो, असं बायका पाणवठ्यावर बोलायच्या, आणि ते मला ऐकू येईल एवढ्या मोठ्याने बोलायच्या. त्यांचा राग यायचा, पण खरा राग यायचा तो दुर्बिणीचा. पाखरं तळ्याच्या मधोमध बसत. मी बांधावर पोटावर पडून बघायचो, तर काचेत पिसांचा रंग दिसे, फार तर चोचीचा आकार. उन्हं वर आली की तेवढंही थरथरायला लागे. मला त्यांचा डोळा बघायचा होता. हिमालय ओलांडून आलेल्या जिवाचा डोळा कसा असतो, तो कसा मिटतो, आपल्याकडे कसा बघतो, हे मला हातभर अंतरावरून बघायचं होतं. दुसरं काही मागणं नव्हतं माझं.

पहिल्या हिवाळ्यात, म्हणजे पंचावन्न साली, मला तळ्यावर पालथी मडकी तरंगताना दिसली. पन्नासेक तरी असतील. घरोघरची जुनी, चुलीवर काळी झालेली मडकी, तोंडाला पेंढ्याचं कडं बांधून पाण्यावर सोडलेली. वाऱ्याने ती इकडून तिकडे सरकत आणि बदकं त्यांच्यामधून खुशाल पोहत. मला वाटलं, असेल गावची काही रीत. मग एका सकाळी त्यातलं एक मडकं वाऱ्याच्या उलट्या अंगाला चाललेलं दिसलं. फार हळू. पुढे एक थापट्या, म्हणजे रुंद चपट्या चोचीचं बदक, मान पाठीत खुपसून झोपलं होतं. मडकं त्याच्याजवळ गेलं, थांबलं, आणि बदक नाहीसं झालं. फडफड नाही, आवाज नाही. शेजारच्या बदकांनी मानसुद्धा वळवली नाही. बऱ्याच वेळाने मडकं तसंच हळू काठाला आलं, वर उठलं, आणि त्याच्याखालून एक माणूस निघाला. त्याच्या हातात ते बदक होतं.

हा अंबाजी म्हात्रे. पन्नाशी ओलांडलेला, काटकुळा, गळ्यापर्यंत चिखलाने माखलेला. डोक्यावरच्या मडक्याला त्याने खिळ्याने दोन भोकं पाडली होती, त्यातून तो बघायचा. पाखरांना मडक्यांची सवय झालेली असल्यामुळे ती त्याला जवळ येऊ देत, आणि तो पाण्याखालून पाय धरून बदक खाली ओढी. मी रागाने लाल झालो. शाळेतला फळा समोर असल्यासारखा त्याला तिथेच काठावर पाठ दिला, मुक्या जिवांचा आणि दयेचा. त्याने सगळं ऐकून घेतलं. हिवाळ्यात तीनच काढतो, म्हणाला. गावातल्या बाळंतिणींना बदकाचा रस्सा द्यायची रीत होती, तो अंबाजीच्या हातच्या बदकाचाच लागे. मग त्याने विचारलं, तुमच्या पुस्तकात थापट्याचा डोळा कसा मिटतो ते लिहिलंय का?

मी म्हटलं, आपला मिटतो तसाच मिटत असणार.

"आपला वरून मिटतो, मास्तर," तो म्हणाला. "त्याचा खालून वर येतो. चुलीवर दूध वर येतं ना, तसा. पांढरा."

पुस्तकात ते कुठेच नव्हतं. मी दोनदा बघितलं.

त्या दिवसापासून माझा राग पळाला आणि मी त्याच्या मागे लागलो. तो सांगायचा, मी वहीत उतरवायचो. कुठलं पाखरू एक डोळा उघडा ठेवून झोपतं, कुठलं झोपेत पाण्यावर गोल फिरतं, पाय धरला की हाताला आधी काय लागतं. काळीज लागतं, असं तो म्हणायचा. तीन बदकं काढून झाली तरी तो पाण्यात जायचाच. त्याची बायको नीराकाकी म्हणायची, या माणसाला घरात बसवत नाही, पाखरांत बसवतं. तासन् तास तो त्या थंडगार पाण्यात नुसता उभा असायचा, हात खाली सोडून. मी एकदा विचारलं, काय करता एवढा वेळ? म्हणाला, काही नाही, ती बघतात माझ्याकडे.

त्याने मला बोलावलं होतं. एकदा नाही, तीनदा. दुसरं मडकं आहे घरी, चला माझ्यासंगं, म्हणाला. मी गेलो नाही. शाळामास्तरने लंगोट लावून डोक्यावर मडकं घालायचं आणि पाणवठ्यावरच्या बायकांसमोर पाण्यात उतरायचं, हे मला जमणारं नव्हतं. त्या वेळी मडकी होती, पाखरांची ओळख होती, शेजारी अंबाजी होता. मला फक्त लाज सोडायची होती, ती मी सोडली नाही.

उलट एक गोष्ट केली. मुंबईला पक्ष्यांचा अभ्यास करणारे एक गृहस्थ होते, त्यांना मी खारवडीच्या बदकांवर सविस्तर टिपण पाठवलं. त्यात पापणीची गोष्ट लिहिली, आणि 'मी पाहिलं' असं लिहिलं. अंबाजीने पाहिलं असं लिहायचं तर तो तिथे काय करत होता तेही लिहावं लागलं असतं. अशी मी माझी समजूत घातली.

पुढच्या वर्षी बंदुका आल्या. आमचे सरपंच बाळाजी पाटील यांच्या मुंबईत ओळखी होत्या. त्या ओळखी रविवारी पहाटे भाऊच्या धक्क्यावरून लाँच पकडून रेवसला उतरत आणि टांग्याने खारवडीला येत. बाळाजी त्यांना तांदळाच्या भाकऱ्या आणि कोलंबी खिलवायचा आणि तळ्यावर न्यायचा. दिवसभर बार उडत. पडलेल्या पाखरांतली निम्मी सापडत, निम्मी लव्हाळ्यात घुसून आठवडाभर तिथेच पंख ओढत मरत. सोमवारी शाळेत मुलं छर्रे खिशात घालून यायची.

गावात दोन तट पडले. बाळाजीचं म्हणणं, मोठी माणसं येतात म्हणून तर पोयनाडचा रस्ता होईल, आणि पाखरं काही आपल्या गावची नाहीत, आली तशी जातील. काहींना पाखरं नकोच होती, लावणीचं भात खातात म्हणून. लावणीच्या वेळी ही पाखरं इथे नसतातच, हे मी सांगितलं तर ते म्हणाले, मग दुसरी कुठली तरी खात असतील. मी हिमालयापलीकडच्या देशांची गोष्ट सांगितली. ती कोणाला पटली नाही. एवढ्या लांबून येणारं पाखरू पेणचं तळं सोडून आमच्याच तळ्यात कशाला उतरेल, असं एकाने विचारलं. शेवटी गावची सुईण भागुबाई मारुतीच्या देवळात सभेत उभी राहिली. तिच्या अंगणात वाळत घातलेल्या सुकटात छर्रे पडले होते. तिने बाळाजीला सगळ्यांदेखत असं काही फैलावर घेतलं, की सभेचं पारडं फिरलं.

तेव्हा बाळाजीने डाव टाकला. बंदूक बंद, ठीक आहे, मग मडकंही बंद. कायदा करायचा तर सगळ्यांना सारखा. बाळंतिणीच्या रश्श्यावरून गाव मागे हटेल असा त्याचा होरा होता. पण भागुबाई म्हणाली, रस्सा कोंबडीचाही होतो. मग सगळे अंबाजीकडे बघायला लागले. मीही बघितलं. माझ्या डोळ्यांत काय होतं ते मला माहीत आहे. त्याने हो म्हणावं, एवढंच होतं.

अंबाजीने मलाच विचारलं. "मंग पाखरं र्‍हातील?"

"राहतील," मी म्हटलं.

"मंग र्‍हाऊ दे मडकं," तो म्हणाला आणि खाली बसला.

ठराव माझ्या हातचा आहे. दिवाळी ते शिमगा तळ्यात कोणी उतरू नये, बंदूक, जाळं, मडकं काहीही आणू नये. अक्षर वळणदार काढलं होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही तळ्यातली सगळी मडकी गोळा करून बांधावर फोडली. पहिलं मी फोडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मडकी ओढून आणायला अंबाजीच पाण्यात उतरला होता, कारण चिखलात पाय कुठे टाकायचा ते त्यालाच ठाऊक. त्याचं स्वतःचं, भोकं पाडलेलं मडकं त्याने धोतरात गुंडाळून घरी नेलं. ते मी बघितलं आणि बोललो नाही. तेवढी माणुसकी दाखवली म्हणून मी स्वतःवर खूषही झालो.

सत्तावन्नच्या हिवाळ्यात पाखरं दुपटीने आली. माझी वही भरून गेली. अंबाजी रोज सकाळी बांधावर माझ्या शेजारी येऊन बसायचा. मी त्याला दुर्बीण दिली. त्याने ती डोळ्याला लावली, थोडा वेळ बघितलं आणि परत केली.

"यात पाखरू दिसतं," तो म्हणाला. "पन ते आपल्याला बगत न्हाय."

मार्गशीर्षात एके सकाळी तो नेहमीपेक्षा उशिरा आला. आदल्या दिवशी अलिबागच्या डॉक्टरकडे जाऊन आला होता. काचबिंदू निघाला होता. मोतीबिंदू असता तर काढता आला असता, याला आता उशीर झाला, औषध नाही असं डॉक्टरने सांगितलं होतं. कडेकडेने अंधार येत होता आणि तो वाढत जाणार होता. "बाजूचं काय दिसत न्हाय आता," अंबाजी म्हणाला. "मडक्याच्या भोकातनं दिसतं ना, तेवढंच दिसतं. घरातपन, शेतातपन."

मग त्याने मागितलं. एकदाच, डोळे आहेत तोवर, त्याला पाण्यात जायचं होतं. पाखरू मारायचं नव्हतं, धरायचंही नव्हतं. गावाला शंका नको म्हणून हात मागे बांधा, म्हणाला. नीरा बांधेल, गाठ तुम्ही बघा. मडक्यात डोकं घालून तो उभा राहणार होता आणि परत येणार होता.

मी नाही म्हटलं. आज इथे बसून लिहिताना मला त्या माणसाला, म्हणजे मला, गदागदा हलवावंसं वाटतं. पण त्या दिवशी माझ्याकडे कारणं तयार होती. तुम्हाला सूट दिली तर बाळाजी उद्या बंदूक काढेल. ठराव म्हणजे ठराव. आणि जे बोललो नाही ते असं, की मुंबईचे ते गृहस्थ जानेवारीत तळं बघायला येणार होते. त्यांच्यासमोर डोक्यावर मडकं घातलेला, हात बांधलेला माणूस पाण्यातून निघाला तर ते काय म्हणतील, याची मला धास्ती होती.

"बरं, मास्तर," अंबाजी म्हणाला. त्याने दुसऱ्यांदा विचारलं नाही. विचारलं असतं, भांडला असता, तर कदाचित मी वळलो असतो. पण सभेत दिलेल्या शब्दाला तो बांधलेला होता, आणि तो तसाच वागला.

ते गृहस्थ आले. सुती टोपी, उत्तम दुर्बीण, मोठा सज्जन माणूस. त्यांनी गावाचं कौतुक केलं, बाळाजीचंही केलं, त्यामुळे बाळाजी दोन दिवस तळ्याचा कैवारी झाला. बांधावर आम्ही तिघं बसलो होतो, मी, ते आणि दोन हातांवर अंबाजी. ते म्हणाले, तुमच्या टिपणातली पापणीची नोंद फार आवडली, फार जवळून टिपलंय, कुठून पाहिलंत? मी म्हटलं, दुर्बिणीतून, इथूनच. त्यांनी अंबाजीकडे बघून हे कोण म्हणून विचारलं. मी म्हटलं, गावातले शेतकरी आहेत, पाखरांची आवड आहे त्यांना. अंबाजी तळ्याकडे बघत होता. थोडी मान फिरवून बघत होता, कारण सरळ बघितलं तर त्याला पुरेसं तळं दिसत नव्हतं.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. मी त्याला डोळ्यांबद्दल विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने खरं सांगितलं असतं, आणि ते मला नको होतं.

अठ्ठावन्न सालची दिवाळी झाली, पाखरं उतरली, आणि आठवडा झाला तरी अंबाजी बांधावर आला नाही. मी त्याच्या घरी गेलो. नीराकाकी अंगणात वाल निवडत होती. तिने मला बस म्हटलं नाही. आतून अंबाजीने कोण आहे म्हणून विचारलं, तेव्हा मला कळलं, कारण मी त्याच्या समोर दारातच उभा होतो.

"आता येताव?" नीराकाकी म्हणाली. "मानूस तुमच्याकं काय मागत व्हता? बगायला मागत व्हता. मारायला न्हाय, धरायला न्हाय. बगायला."

मी तिथून थेट सरपंचाकडे गेलो. बाळाजी वर्षभर या दिवसाची वाट बघत असावा. मास्तर, कायदा सगळ्यांना सारखा ना, असं त्याने विचारलं. मी हो म्हटलं. मग त्याने मला बराच वेळ उभं ठेवलं, चहा मागवला, स्वतः प्यायला. पण शेवटी तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या जन्माच्या वेळी त्याच्या आईला म्हात्र्यांच्या बदकाचा रस्सा मिळाला होता. म्हणजे अंबाजीच्या बापाच्या हातच्या बदकाचा. पंचायतीने ठरावाला पुरवणी जोडली. जो कोणी पाण्यात उतरेल त्याने हात मागे बांधून उतरावं, मग मडक्याला हरकत नाही. ती पुरवणीही माझ्याच अक्षरात आहे. घाईत लिहिलेली, वेडीवाकडी.

मी धावत अंबाजीकडे गेलो आणि सांगितलं. तो ओटीवर बसला होता. त्याने माझा आवाज आला तिकडे तोंड केलं.

"आता मडकं कनाला, मास्तर?" तो म्हणाला. "मी मडक्यातच हाय. आनि भोकं बुजली."

मग तोच म्हणाला, तुमी जा. माझ्याऐवजी तुम्ही जा, आणि काय दिसतं ते मला येऊन सांगा. त्याने नीराकाकीला आतून मडकं आणायला सांगितलं. धोतराचं तेच जुनं फडकं अजून त्याच्याभोवती होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही तळ्यावर गेलो. मी लंगोट लावला होता. पाणवठ्यावर बायका होत्या. इतकी वर्षं ज्यांच्या हसण्याला भ्यालो, त्या हसल्या नाहीत. नीराकाकीने पेंढ्याच्या दोरीने माझे हात मागे बांधले, अंबाजीने बोटांनी गाठ चाचपून बघितली. पाय घासत न्या, उचलू नका, श्वास नाकाने आणि हळू, असं त्याने सांगितलं. मग त्याने स्वतःच्या हाताने मडकं माझ्या डोक्यावर ठेवलं, भोकं डोळ्यांसमोर येतील असं फिरवलं, आणि तळ्याकडे तोंड करून बांधावर बसला.

आत जुन्या पेजेचा आणि काजळीचा वास होता. पाणी हनुवटीला लागलं तेव्हा थंडीने श्वास अडकला. माझाच श्वास मला मडक्यात मोठ्याने ऐकू येत होता, आणि त्याच्या पलीकडे पाखरांचा बारीक कलकलाट, जवळ, फार जवळ वाटणारा. भोकातून पाण्याची एक पट्टी दिसत होती आणि तिच्या टोकाला एक पांढऱ्या भुवईचं बदक. मी पाय घासत पुढे गेलो. चार हिवाळे, म्हटलं, चार हिवाळे थांबलो.

बदकाने मान वळवली. ते झोपलेलं नव्हतं. त्याने मडक्याकडे बघितलं आणि सावकाश पलीकडे सरकलं. त्याच्या मागची सरकली. मी थांबलो की ती थांबत, मी निघालो की ती निघत, आणि माझ्याभोवती मोकळ्या पाण्याचं एक मोठं रिंगण तयार झालं. तेव्हा मला कळलं. या पाखरांना तळ्यावर मडकं न दिसण्याचा हा दुसरा हिवाळा होता. आम्ही ती फोडली होती. पहिलं मी. आता रिकाम्या तळ्यात एकच काळं मडकं चालत येत होतं, आणि त्यांना ते काय आहे हे माहीत नव्हतं. मी घाबरून पाऊल उचललं, चिखलात घसरलो, मडकं कलंडलं, आणि सगळं तळं एकदम उडालं. भोकातून मला फक्त आभाळाचा तुकडा दिसला आणि त्यातून जाणारे पंख.

मी बाहेर आलो. नीराकाकीने हात सोडले, पंचा अंगावर टाकला. अंबाजी बसला होता तसाच बसला होता. त्याने विचारलं, काय दिसलं?

त्याच्या चेहऱ्याकडे बघून मला खरं बोलवेना. मी म्हटलं, थापट्या दिसला. हातभर अंतरावर होता. मी उभा राहिलो, तो झोपला. डोळा खालून मिटत आला, चुलीवर दूध वर येतं तसा, पांढरा.

वर आभाळात पाखरं अजून घिरट्या घालत होती. त्यांचे पंख मलाही ऐकू येत होते. अंबाजीने मान खाली घातली.

"मास्तर," तो म्हणाला, "ते माजं हाय."

मला वाटलं, जमीन दुभंगावी. पण तो रागावला नव्हता. त्याने माझ्या दिशेने हात पुढे केला, माझा गारठलेला दंड धरला, आणि शेताची कामं सांगावी तसं सांगितलं. "एकट्या मडक्याला कोन मानतंय? पन्नास पायजेत. दिवालीपासनं शिमग्यापर्यंत. दोन हिवालं पाखरांना ती दिसू द्या. मंग जा. आनि तवा मना खरं सांगा."

त्याच दुपारी मी घरोघर जुनी मडकी मागत फिरलो. पहिलं भागुबाईने दिलं. मुंबईच्या त्या गृहस्थांना पत्र घातलं, की पापणीची नोंद माझी नाही, खारवडीच्या अंबाजी म्हात्र्यांची आहे, आणि ती त्यांनी कशी केली तेही लिहिलं. मध्ये माझी बदली आली, ती मी अर्ज करून थांबवली.

हा मडक्यांचा तिसरा हिवाळा आहे. दोन हिवाळे लागतील असा त्याचा अंदाज होता, पण तो ओळख असलेल्या पाखरांवरून बांधलेला होता. मोडलेल्या ओळखीला किती लागतात, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. अंबाजीला आता काहीच दिसत नाही. मी त्याला रोज सकाळी हाताला धरून बांधावर आणतो आणि तो रोज एकच विचारतो, मडक्यापासून किती लांब बसलीत. काल मी नीट बघितलं आणि म्हटलं, दोन हात. आणखी जवळ सांगितलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. पण दोन हातच होतं.